केळीच्या खांबाचा कार्बन: सुपरकपॅसिटरसाठी कपॅसिटन्स वाढत का नाही?

यावलची_केमिस्ट्रीवाली

नमस्कार. मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिकल केमिस्ट्री. घर यावल तालुक्यात, घरची केळी. कटाई झाली की खांब बांधावर पडून सडतात. म्हणून प्रोजेक्टला हाच विषय घेतला: केळीच्या खांबापासून सच्छिद्र कार्बन करायचा आणि त्याचं सुपरकपॅसिटरचं, म्हणजे वीज झटपट साठवून झटपट देणाऱ्या साधनाचं, इलेक्ट्रोड बनवायचं.

काय केलं ते सांगते. खांबाचे तुकडे उन्हात वाळवले, मग ओव्हनला ठेवले, आणि नायट्रोजनमध्ये ५०० अंशाला त्यांचा कोळसा केला. तो खलात अगदी काजळीसारखा बारीक केला. छिद्रं पाडायला केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) गोळ्या घालून कोरडाच घोटला, कोळसा १ भाग, केओएच ३ भाग. मग ७५० अंशाला एक तास. भट्टी गार झाल्यावर माल सरळ पातळ एचसीएलमध्ये (हायड्रोक्लोरिक आम्लात) टाकला, नंतर डिस्टिल्ड वॉटरने पीएच ७ येईपर्यंत धुतला. बाहेरून बीईटी (पृष्ठभाग मोजायची चाचणी) करून आणली, ६४० चौरस मीटर प्रति ग्रॅम. निकेल फोमवर लावून ६ मोलर केओएचमध्ये तीन इलेक्ट्रोडच्या सेलला ९२ फॅरड प्रति ग्रॅम कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, मिळाली. पेपरमध्ये लोक केळीच्याच कचऱ्यापासून दुप्पट-तिप्पट दाखवतात.

मग वाटलं मँगनीज डायऑक्साइड चढवून बघू. पोटॅशियम परमँगनेटच्या उकळत्या द्रावणात कार्बन टाकला. सावकाश चार्ज-डिस्चार्ज केलं तर आकडा वाढलेला दिसतो, करंट वाढवला की धाडकन पडतो. बीईटीही निम्म्याच्या खाली गेली.

माझे गाईड सर म्हणतात खांबाचा नाद सोड, नारळाची करवंटी घे. पण घरी सगळ्यांना खांबाचं सांगून ठेवलंय, आणि माझंही मन होत नाही. खांबच वाईट आहे का, की पद्धतीत काही बदलता येईल?

पांझराकाठ_धुळे

ताई, खांब सोडू नका. मी धुळ्यात शिकवतो. पीएचडी मँगनीज ऑक्साइडवरच झाली, आणि आजही विद्यार्थ्यांबरोबर प्रयोगशाळेत उभा असतो. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या ९२ चा हिशेब करू. कार्बनच्या पृष्ठभागावर चार्जचा दुहेरी थर बसतो, त्याची क्षमता साधारण १० ते २० मायक्रोफॅरड प्रति चौरस सेंटिमीटर धरतात. ६४० चौरस मीटर म्हणजे ६४ लाख चौरस सेंटिमीटर. भागून बघा, १४ च्या आसपास येतं. म्हणजे जेवढा पृष्ठभाग तुमच्याकडे आहे, तो अगदी नीट काम करतोय. मोजमापात खोट नाही, पृष्ठभागच कमी पडतोय. आणि हा माल केओएचच्या क्रियेतून गेल्यावर ६४० वर थांबू नये. म्हणजे छिद्रं एक तर पुरती झालेली नाहीत, नाही तर झाली आणि बुजली. माझा संशय दोन्हींवर आहे, आणि दोन्हींचं मूळ भट्टीत नसून पाण्यात आहे. आपल्याकडची मुलं भट्टीचं तापमान पाच-पाच अंशांनी बदलत बसतात आणि भिजवणं-धुणं एका दुपारी उरकतात. सच्छिद्र मालाचं निम्मं नशीब बीकरमध्येच ठरतं.

आता खांबाचं बघू. ताज्या खांबात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. जे कोरडं उरतं त्यात राख भरपूर, कारण केळी पोटॅश ओढणारं पीक, हे तुम्हाला घरी कुणीही सांगेल. त्यातलं पोटॅशियम आपल्या कामाचंच आहे, तापमान चढलं की तेही थोडंफार कार्बन कोरतं. पण राखेत सिलिकाही असतो, आणि खरा घोळ तिथे होतो. भट्टीत केओएच या सिलिकाला धरतं आणि पोटॅशियम सिलिकेट तयार होतं. ते पाण्यात विरघळतं. पण तुम्ही माल सरळ आम्लात टाकलात. सिलिकेटवर आम्ल पडलं की सिलिकाची जेली बनते. तशी ती छिद्रांच्या तोंडाशी बनली, तर नंतर कितीही पाण्याने धुवा, ती निघत नाही. म्हणून क्रम बदला: आधी गरम डिस्टिल्ड वॉटरने, गाळून निघणारं पाणी फारसं अल्कली लागेनासं होईपर्यंत धुवा. मग पातळ एचसीएल. मग पुन्हा पाणी. आम्ल घालताना फेस येतो, तो उरलेल्या पोटॅशियम कार्बोनेटमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड. फेस थांबला म्हणजे आम्ल सगळीकडे पोचलं असं नाही, मॅग्नेटिक स्टररवर काही तास फिरू द्या.

पीएच ७ आला की धुणं संपलं असं सगळेच लिहितात. मला ते पटत नाही. फनेलमधून झरझर जाणारं पाणी दाण्यांच्या बाहेरून जातं, आतलं आतच राहतं. पीएच ७ आलेला कार्बन रात्रभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये झाकून ठेवा आणि सकाळी त्याच पाण्याचा पीएच बघा, बहुतेक वेळा उतरलेला असतो. आमच्याकडे मी क्लोराइडची परीक्षा करायला लावतो. गाळलेलं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब सोडायचा. पाणी दुधाळ झालं तर आत अजून क्लोराइड आहे. थेंब पडून पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं की धुणं झालं. आणि डिस्टिल्ड म्हणजे डिस्टिल्डच. आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम इतकं की किटलीला पांढरे थर बसतात. ते पाणी शेवटच्या धुण्याला वापरलं तर केलेलं सगळं वाया.

तिसरी गोष्ट, केओएच कोरडं घोटणं. त्यात अगदी गैर काही नाही, कारण केओएच ३६० अंशाला वितळतं आणि आपोआप पसरतं. पण दोन अडचणी आहेत. एक तर बाटलीवर बघा, गोळ्यांचं केओएच बहुधा ८५ टक्के असतं, बाकी पाणी. म्हणजे तुमचं १:३ खरं तर १:२.५ आहे. पावसाळ्यात खलात घोटता घोटताच ते हवेतलं पाणी ओढून चिकट होतं, मग कुठे जास्त, कुठे कमी. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. केळीच्या खांबात उभ्या नळ्या असतात, झाडाला पाणी वर नेणाऱ्या. कोळसा झाला तरी त्या टिकतात. ५० नॅनोमीटरच्या वरच्या छिद्रांना मॅक्रोपोअर म्हणतात, या तर त्याच्याही कितीतरी मोठ्या. इलेक्ट्रोलाइटला आत शिरायला हा तयार रस्ता आहे. तुम्ही काजळी होईपर्यंत खलात घोटून तो मोडून टाकलात. घट्ट करवंटीत अशा मोकळ्या नळ्या फारशा नसतात. खांबाचं वैशिष्ट्यच ते आहे.

म्हणून कोळसा जाडसर ठेवा, चहापत्तीएवढा. केओएच पाण्यात विरघळवा, त्यात कोळसा टाका. कोळसा सुरुवातीला पाण्यावर तरंगतो, त्याला पाणी आवडत नाही. थोडं इथेनॉल घाला, नाही तर बीकर व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवून पंप लावा. हे एकदा डोळ्यांनी बघाच. पंप सुरू होताच दाण्यांतून बुडबुड्यांच्या बारीक माळा सुटतात, आतली हवा निघते. पंप बंद करून हवा आत सोडली की दाणे एकेक करून तळाला बसतात. तो दाणा आतपर्यंत भिजला. मग ढवळत ढवळत पाणी आटवा, ११० अंशाला ओव्हनमध्ये रात्रभर, आणि सरळ भट्टीत. मध्ये उघडा ठेवू नका.

भट्टीत माल ठेवायची बोट (लांबट भांडं) निकेलची वापरा. ॲल्युमिनाची केओएच खातं, आणि ते ॲल्युमिनियम तुमच्या कार्बनमध्ये येतं. एक इशारा, हा गंभीरपणे घ्या: या क्रियेत धातुरूप पोटॅशियम तयार होतं. ७५०-८०० अंशाला त्याची वाफ होऊन कार्बनच्या थरांत घुसते आणि ट्यूबच्या गार टोकाला जाऊन बसते. नायट्रोजन चालू ठेवून भट्टी पुरती गार होऊ द्या, घाईने उघडून माल पाण्यात टाकू नका. त्या टोकाला चंदेरी-निळसर थर दिसला तर आधी थोडं आयसोप्रोपॅनॉल, पाणी नंतर. आणि हे सगळं सरांच्या देखत.

परमँगनेटचं वेगळं लिहितो, आत्ता लेक्चर आहे.

पांझराकाठ_धुळे

आता परमँगनेट. या क्रियेत बाहेरून क्षपणक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ, घालावा लागत नाही, कार्बन स्वतःच परमँगनेटला क्षपित करतो आणि त्या बदल्यात थोडा झिजतो. त्यामुळे मँगनीज डायऑक्साइड कार्बनच्या अंगावरच उगवतो, नुसता चिकटवलेला नसतो. फार सुंदर क्रिया आहे, म्हणूनच मी तिच्यात इतकी वर्षं अडकलो. पण उकळत्या द्रावणात ती इतक्या वेगाने होते की परमँगनेटचा आयन छिद्रात शिरायच्या आतच दारात अडतो. तोंडाशी मँगनीज डायऑक्साइडचा बुच बसतो, आतली सगळी जागा बंद. बीईटी निम्मी झाली ती त्यामुळे. आणि हे ऑक्साइड विजेचं फार वाईट वाहक आहे, जाड थर झाला की आतपर्यंत इलेक्ट्रॉन पोचायला वेळ लागतो. सावकाश चार्ज केलं तर पोचतात, घाई केली की पोचत नाहीत. करंट वाढवल्यावर तुमचा आकडा पडतो तो इथे. पुस्तकात मँगनीज डायऑक्साइडची सैद्धांतिक क्षमता १३७० फॅरड प्रति ग्रॅमच्या आसपास दिलेली असते, पण ती मिळते ती अगदी पातळ थरात.

तेव्हा उलट करा. कार्बन आधी पंपाखाली पाण्यात पुरता भिजवा. परमँगनेट अगदी पातळ, ०.०१ मोलर किंवा त्याहून कमी. गरम करू नका, सावकाश ढवळत ठेवा. प्रगती रंगावरून कळते: जांभळा फिका होत गुलाबी, मग पाणी नितळ. नितळ झालं की थांबा, गाळा, धुवा. थर वाढवायचा असेल तर एकदम दाट द्रावण न घेता पुन्हा पातळच घाला.

आणखी एक, खास आपल्या भागासाठी. पेपरमध्ये 'रूम टेम्परेचर' लिहिलेलं असतं, ते २५ अंश असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पंख्याखालच्या बीकरमध्ये द्रावण सहज ३८-४० ला असतं. जानेवारीत त्याच टेबलावर १८. क्रियेचा वेग दुपटीहून जास्त बदलतो. मुलं म्हणतात रिपीट होत नाही. होईल कसं? वॉटर बाथ लावा, आणि वहीत द्रावणाचं तापमान लिहा, खोलीचं नाही.

चोपड्याचा_पुण्यात

मी चोपड्याचा, पुण्यात सेल बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला आहे. सरांनी केमिस्ट्री सांगितली, मी मोजण्याबद्दल सांगतो, कारण व्हायव्हाला तिथेच पकडतात.

निकेल फोम आणि केओएच एकत्र असेल तर फोम स्वतःच बोलतो. त्याच्या पृष्ठभागावर निकेल हायड्रॉक्साइड तयार होतं आणि सीव्हीमध्ये (व्होल्टेज फिरवत करंट मोजायच्या आलेखात) त्याची शिखरं दिसतात. नुसत्या फोमचा, काहीही न लावता, त्याच व्होल्टेज रेंजमध्ये एक सीव्ही काढून ठेवा आणि दोन्ही एकावर एक छापा. पेपरमधल्या दुप्पट-तिप्पट आकड्यांत फोमचा वाटा किती, हे ब्लँक न दाखवता कळतच नाही. शिवाय त्या लोकांनी फोमवर माल किती लावला तेही बघा. अर्धा-एक मिलिग्रॅम लावला तर वजनातली छोटीशी चूकही फॅरड फुगवते. बाजारातल्या सेलमध्ये चौरस सेंटिमीटरला १० मिलिग्रॅमच्या जवळपास असतो. तुम्ही निदान ५ च्या पुढे लावून दाखवा, आकडा थोडा कमी आला तरी तो खरा असेल.

दुसरं, दोन इलेक्ट्रोडचा सिमेट्रिक सेल नक्की करा. त्यात हिशेबाला लोक गोंधळतात. सेलची क्षमता काढून दोन्ही इलेक्ट्रोडच्या एकूण वजनाने भागलं, तर एका इलेक्ट्रोडचा आकडा मिळवायला ४ ने गुणावं लागतं. दोन सारखे कपॅसिटर सिरीजमध्ये आहेत म्हणून क्षमता निम्मी, आणि वजन दुप्पट धरलं म्हणून पुन्हा निम्मी. हे ४ कुठून आलं ते विचारतातच. पाण्याच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये १ व्होल्टच्या वर नेऊ नका.

पांझराकाठ_धुळे

चोपड्याच्या भाऊंनी लाखमोलाचं सांगितलं. त्यात एवढंच जोडतो: मँगनीज डायऑक्साइडच्या नमुन्याला केओएच नको, १ मोलर सोडियम सल्फेट घ्या, आणि फोमऐवजी कार्बन क्लॉथ किंवा ग्रॅफाइट शीट. नुसत्या कार्बनला ६ मोलर केओएच ठीक आहे.

शिरपूर_एमएस्सी

सर, मधेच विचारतो. मी केमिकल बाथने स्टीलच्या पत्रीवर कोबाल्ट हायड्रॉक्साइड चढवतोय, युरिया घालून ९० अंशाला. बाथमधून काढल्यावर थर इतका छान, मखमलीसारखा दिसतो. ओव्हनला वाळवला की भेगा पडतात आणि पोपडे निघतात. कार्बनवाल्यांना हा त्रास का होत नाही?

पांझराकाठ_धुळे

चांगला प्रश्न. कार्बनचा सांगाडा ताठ असतो, वाळताना तो बसत नाही. तुमचा हायड्रॉक्साइडचा थर म्हणजे पातळ पाकळ्यांची जाळी, आणि त्या पाकळ्यांमध्ये पाणी. पाणी उडताना छिद्रातली पाण्याची कड भिंतींना आत ओढते. छिद्र जितकं बारीक, तितकी ओढ जास्त. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, इथेनॉलचा २२. म्हणून पत्री बाथमधून काढली की हळूच डिस्टिल्ड वॉटरमध्ये, मग इथेनॉल-पाणी अर्धंअर्धं, मग नुसतं इथेनॉल, दोन-तीनदा बदलून. मग ओव्हन नको, सावलीत झाकून वाळू द्या. फ्रीज ड्रायर मिळाला तर अजून बरं, पण त्यासाठी पाण्यातूनच गोठवायचं, इथेनॉल त्यात गोठत नाही.

तरीही पोपडे आले तर थर जाड झालाय. बाथमध्ये कमी वेळ ठेवा. युरिया गरम झाल्यावर सावकाश फुटून अमोनिया सोडतो, त्यामुळे पीएच हळूहळू चढतो. सुरुवातीचा थर पत्रीवर घट्ट उगवतो. नंतर द्रावणातच गढूळपणा येतो आणि ते कण वर नुसते येऊन बसतात, ते पकड घेत नाहीत. द्रावण गढूळ व्हायला लागलं की पत्री काढायची वेळ झाली. पत्री चढवण्याआधी पॉलिश पेपरने घासून ॲसिटोनने पुसता ना?

वेळ असेल तर सिलार पण करून बघा. निकोलाऊने १९८५ मध्ये मांडलेली पद्धत: पत्री आधी धातूच्या क्षाराच्या द्रावणात, मग पाण्यात, मग दुसऱ्या द्रावणात, पुन्हा पाण्यात, असं फिरवत राहायचं. हात दुखतात, पण प्रत्येक फेरीला थर किती वाढतो ते आपल्या हातात राहतं, आणि महागडं यंत्र लागत नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी प्रयोगशाळा याच बीकरवाल्या पद्धतींवर उभ्या राहिल्या.

रावेर_बागायतदार

दादा, माले एक सांगा. मी शेतकरी, हे सगळं समजत नाही, पण खांबाचं नाव वाचून थांबलो. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर खांब निघतात. यातून शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील का?

पांझराकाठ_धुळे

भाऊ, खोटी आशा दाखवत नाही. १०० किलो ओल्या खांबातून कोरडा माल १० किलोसुद्धा निघत नाही. त्याचा कोळसा दोन-तीन किलो, आणि केओएचमधून गेल्यावर हातात राहतो किलोभर, क्वचित थोडा जास्त. त्याला कोळशाच्या तिप्पट केओएच लागतं, आणि धुण्याचं खारट-आम्लारी पाणी उरतं, ते शेतात सोडता येत नाही. कारखान्यात सुपरकपॅसिटरचा कार्बन मुख्यतः नारळाच्या करवंटीपासून आणि वाफेने करतात, कारण वाफ स्वस्त आणि करवंटी मुळातच कोरडी, घट्ट. ओला खांब वाहून न्यायचा म्हणजे पाण्याचंच भाडं भरायचं. आज तुमच्यासाठी खांबाचा धागा काढणं किंवा तो बारीक करून जमिनीत कुजवणं जास्त फायद्याचं, त्यातला पोटॅश तरी जमिनीला परत जाईल. कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र कोरड्या असतात, राखही कमी. कार्बनसाठी आपल्या खानदेशात कुणी खरंच काही उभं केलं, तर मला वाटतं ते पऱ्हाटीवर होईल.

पण म्हणून ताईंचं काम वाया नाही. खांबातल्या नळ्या टिकवून आत बारीक छिद्रं पाडता आली, तर वेगाने चार्ज होणारं इलेक्ट्रोड कसं असावं हे त्यातून शिकायला मिळतं. ते ज्ञान मग पऱ्हाटीलाही लागू होतं.

यावलची_केमिस्ट्रीवाली

सर, चोपड्याचे दादा, खूप आभार. सिलिकाची गोष्ट कुठेच वाचली नव्हती. जुना थोडा कार्बन शिल्लक आहे, तो पुन्हा गरम पाण्याने धुऊन वाचवता येईल का? आणि भट्टीचं तापमान ८०० करू का? माझे गाईड सर म्हणतात छिद्रं एक नॅनोमीटरच्या खालची असली तर आयन आत जातच नाहीत.

पांझराकाठ_धुळे

जेली एकदा वाळली की गरम पाण्याने निघणार नाही. पातळ केओएचमध्ये, २ मोलर पुरे, ८० अंशाला काही तास ढवळा, सिलिका पुन्हा सिलिकेट होऊन निघेल. मग आधी पाणी, मग आम्ल. धुण्याआधी आणि नंतर थोडासा कार्बन हवेत जाळून राखेचं वजन घ्या. राख घटली तर माझा संशय खरा, नाही घटली तर दुसरीकडे शोधू. हा आकडा प्रबंधात नक्की टाका.

तापमान आत्ता बदलू नका. एका वेळी एकच बदल, आधी भिजवण्या-धुण्याचा. ७५० वरच बीईटी वर आली तर कारण स्पष्ट होईल.

आयनांबद्दल तुमच्या सरांचं म्हणणं पूर्वी सगळेच धरून चालायचे. पोटॅशियमचा आयन पाण्याच्या वेढ्यासकट ०.६६ नॅनोमीटरच्या आसपास असतो. पण २००६ मध्ये गोगोत्सी, सिमोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की एक नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रांत क्षमता उलट वाढते, आयन आत शिरताना अंगावरचा द्रावकाचा वेढा काही प्रमाणात उतरवतात. ते काम कार्बाइडपासून केलेल्या कार्बनवर आणि सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटमध्ये होतं, ते सांगायला विसरू नका. सरांना तो पेपर आदराने दाखवा, त्यांनाही आवडेल. बारीक छिद्र वाईट नाही, तिथवर जाणारा रस्ता मोकळा पाहिजे.

बीईटीला नमुना पाठवताना संपूर्ण आयसोथर्म (कोणत्या दाबाला किती वायू शोषला त्याचा आलेख) मागून घ्या, नुसता आकडा नको. डीगॅस, म्हणजे मोजण्याआधी नमुना तापवून आतला ओलावा-वायू काढणं, किती अंशाला आणि किती तास केलं तेही लिहून मागा.